बायकांची गैरसोय

त्या गावच्या मुलींच्या शाळेत मी लागले तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं आणि आईला घेऊन मी राहत होते. नागभीडला गाडी बदलायची आणि छोट्या गाडीनं चांद्याकडे निघायचं, की वाटेत ते गाव लागायचं. तिन्ही बाजूंनी धानाची शेतं, चौथ्या बाजूला जंगल, आणि स्टेशनाजवळ सागाच्या लाकडांचे ढीग. देशाला स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते. आपलं गाव आता शहर होणार असं तिथल्या चार मोठ्या माणसांना वाटू लागलं होतं आणि त्यासाठी त्यांनी एक मंडळ काढलं होतं.

मंडळाचं काम एकच. महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या दालनात गावच्या एखाद्या प्रश्नावर जाहीर चर्चा ठेवायची. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलेला असे आणि खाली ‘सर्वांना मुक्त प्रवेश’. अध्यक्ष होते जंगलातल्या लाकडाचे एक ठेकेदार. चिटणीस होते नागपूरला शिकून आलेले एक वकील. समोर खुर्च्यांच्या दोन रांगा, त्यामागे सतरंजी. मी जायला लागले तेव्हा तिथं जाणारी मी एकटीच बाई होते. माझ्यासाठी दाराजवळ एक खुर्ची वेगळी मांडलेली असे.

खरं सांगायचं तर मला तिथं जायला आवडायचं. मोकाट गुरांवर चर्चा झाली, बाजारातल्या दिव्यांवर झाली, आणि दिवे खरोखरच लागले. माणसं उभी राहून बोलत होती, बाकीची ऐकून घेत होती. शाळेत मी मुलींना सांगायची की असंच राज्य चालायला पाहिजे.

आमची खोली भाड्याची होती. घरमालकाच्या परसात एक संडास होता, पण त्याला कुलूप असे आणि तो मालकाच्या घरच्यांपुरता होता. गावात असे संडास असलेली घरं मोजकीच. बाकी सगळ्या बायका बोडीमागे जात. बोडी म्हणजे धानाला पाणी देण्यासाठी बांधलेलं लहान तळं. तिची पाळ माणसाहून उंच होती, आणि पाळीमागे तरोट्याची आणि पळसाची झुडपं माजलेलं एक पडीक रान. पुरुष तिकडे फिरकत नसत. ते कुणी ठरवून दिलं नव्हतं, तसा रिवाजच होता.

पहिल्या दिवशी मला तिथं घेऊन गेली ती शेजारची चुडीवाली. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन खेडोपाडी फिरणारी विधवा मुसलमान बाई. सगळे तिला चाची म्हणत. मी हातात लोटा घेऊन दारात अवघडून उभी होते.

‘‘चला बाई,’’ ती म्हणाली. ‘‘लाजता काऊन? थे काम सगळ्यायलेच हाय. राणीलेबी हाय.’’

पुढे मला त्या जाण्याचं काही वाटेनासं झालं. बायका घोळक्यानं जात, घोळक्यानं येत. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या नवऱ्यानं हात उगारला, हे सगळं त्या वाटेवर कळे. माझी आई सांध्यांनी आजारी, पण बोडी जवळ असल्यानं ती काठी टेकत हळूहळू जाऊन येई.

एका सकाळी आम्ही गेलो तर पाळीच्या अलीकडेच काटेरी तार ठोकलेली. तारेच्या आत एक रखवालदार लाठी घेऊन उभा. ते रान अध्यक्षांनी लाकडं रचायला भाड्यानं घेतलं होतं. तिथं टाल होणार होता आणि पुढे लाकूड कापायची आरामशीनही बसणार होती.

‘‘इथून आता येणं बंद,’’ रखवालदार म्हणाला. तो आमच्याकडे बघत नव्हता, बिचारा जमिनीकडे बघून बोलत होता.

‘‘मंग जावाव कुठी?’’ एकीनं विचारलं.

‘‘मले काय मालूम. मालकाले विचारा.’’

हातात लोटे घेऊन आम्ही तारेपाशी उभ्या राहिलो. उजाडत चाललं होतं. माणसं गाई सोडायला निघाली होती. शेवटी एकेक जण पाठ फिरवून घरी गेली. त्या दिवशी कुणी काय केलं ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायका रेल्वेलाइनच्या कडेला जाऊ लागल्या. तिथं आडोसा नव्हता. रुळाचा भराव आणि त्याखाली उघडं मैदान. पहाटेची गाडी तिथूनच जाई, आणि छोटी गाडी ती, बैलगाडीसारखी रमतगमत जाणारी. गाडीचा आवाज आला की सगळ्या उठून उभ्या राहत, तोंडावर पदर घेत, आणि डबे सरेपर्यंत तशाच थांबत. खिडक्यांतून पुरुष शिट्ट्या मारत. एकदा एका डब्यातून कुणीतरी उष्ट्या पत्रावळीचा बोळा आमच्या अंगावर भिरकावला. तो माझ्या खांद्याला लागून खाली पडला. सारा डबा हसला. चांगले धुतलेले कपडे आणि टोप्या घातलेली माणसं होती ती. घरी येऊन मी अंघोळ केली, पुन्हा केली, तरी खांद्यावरचा वरणाचा तो ओला स्पर्श जाईना. आज हे लिहितानाही मला तो जाणवतो.

आई लाइनपर्यंत चालू शकत नव्हती. तिनं संध्याकाळचं जेवण बंद केलं. मला म्हणायची, ‘‘मले भूकच नसते आताशा.’’ मी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. शाळेतल्या मोठ्या मुलींनीही तेच केलं असावं, कारण त्या तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकून पडू लागल्या. गल्लीत रात्रीतून घाण दिसू लागली. पावसाळा होता. सगळं वाहून घरांच्या उंबऱ्यापर्यंत यायचं आणि त्यातूनच पाय टाकून आम्ही विहिरीवर जायचो. मग मला ताप आला, लघवीची आग होऊ लागली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं.

बरी झाल्यावर मी चिटणिसांकडे गेले. म्हटलं, वकीलसाहेब, या विषयावर चर्चा ठेवा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘‘विषय महत्त्वाचा आहे, बाई. प्रश्न मांडणीचा आहे. सभेत सगळ्या थरांतली माणसं असतात. तो शब्द चालणार नाही.’’

‘‘कोणता शब्द?’’

ते जरा लाजले. ‘‘आपण ‘गैरसोय’ म्हणू. बायकांची गैरसोय.’’

फळ्यावर तेच लिहिलं गेलं. मी गल्लीतल्या बायकांना चला म्हणून सांगितलं. बहुतेकींनी मान डोलावली आणि आल्या नाहीत. आली ती चाची, आणि तिच्याबरोबर विणकरांच्या आळीतल्या दोघी. त्या आत न येता दाराबाहेरच्या पायरीवर बसल्या. दालन भरलं होतं. विषय कळल्यावर पुरुष नेहमीपेक्षा जास्त आले होते आणि आपसात हसत होते.

चर्चा सुरू झाली. अध्यक्षांनी भारतीय स्त्रीची थोरवी सांगितली. तिची सहनशीलता जगात कुठे नाही, असं सांगितलं. पहिल्या वक्त्यानं गैरसोय म्हणजे शिक्षणाची गैरसोय असं धरून मुलींच्या शिक्षणावर भाषण केलं. दुसरा म्हणाला, गैरसोय ही मनाची अवस्था आहे, पूर्वीच्या बायकांची गैरसोय होत नव्हती. तिसरे एक वैद्य होते. त्यांनी उपाय म्हणून सांगितलं की स्त्रियांनी रात्री हलका आहार घ्यावा म्हणजे गैरसोय कमी होते. हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की माझ्या डोळ्यांसमोर एकदम माझी आई आली, दिवे लागल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहणारी.

मग माझं नाव घेतलं. मी उठून पुढे टेबलापाशी गेले. बोडीमागची जागा बंद झाली आहे, लाइनवर आडोसा नाही, आजार वाढले आहेत, असं सांगितलं. जागा कुणी बंद केली ते मी सांगितलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच होतं आणि ती व्यक्ती माझ्यापासून दोन हातांवर पान चघळत बसली होती. मी म्हटलं, मंडळानं गावाजवळ बायकांसाठी एक आडोशाची जागा करून द्यावी. मागून कुणीतरी तोंडानं आगगाडीच्या शिट्टीचा आवाज काढला आणि सतरंजीवर हशा उसळला. चिटणिसांनी टेबलावर हात आपटला, पण त्यांच्याही ओठांचे कोपरे हलत होते. ते मी पाहिलं.

तेवढ्यात चाची पायरीवरून उठून दारात आली.

‘‘भाऊ, मी बोलू काय?’’

अध्यक्ष म्हणाले, ‘‘बोल ना, बोल. सगळ्यायले परवानगी हाय.’’

‘‘मले भाषण नाई येत. एकच इचारतो. तुमी आमची हगाची जागा तारेनं बांधून टाकली. आता आमी हगाव कुठी, थे सांगा आनि मंग चाय प्या.’’

त्या दालनात जे झालं ते मी विसरू शकत नाही. पुढच्या रांगेतल्या माणसांनी एकामागून एक खिशातून रुमाल काढले आणि नाकाला लावले. जणू त्या शब्दालाच वास होता. महिनाभर गल्ल्यांतून खरी घाण वाहत होती, तिच्यातून हेच लोक धोतर वर धरून सभेला आले होते. तेव्हा यांच्यापैकी कुणी नाक धरलं नव्हतं.

‘‘बाहेर काढा तिला!’’ वैद्य ओरडले. ‘‘ही सभा आहे का बाजार?’’

‘‘बाई मानूस आनि असं बोलते?’’ अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. ‘‘लाज नाई वाटत?’’

‘‘लाज गाडीतल्या लोकायनं पाह्यली, भाऊ,’’ चाची म्हणाली आणि स्वतःहून वळून पायऱ्या उतरून गेली.

त्यानंतर ठराव झाला. चिटणिसांनी तो सुंदर मराठीत वाचून दाखवला. स्त्रियांनी सूर्योदयापूर्वी पुरेसं आधी उठण्याची सवय लावून घ्यावी, तसंच रेल्वेप्रवाशांनी सभ्यता पाळावी, अशी मंडळाची विनंती आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. माझं मत कुणी विचारलं नाही, मीही हात वर केला नाही. चिवडा आणि चहा आला. माझ्यासमोर बशी ठेवली तेव्हा मला उमासा आला, आणि मी तशीच उठून बाहेर आले.

पुढे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. मंडळाचे लोक पुढे कितीतरी दिवस माझ्यावर आणि चाचीवर संशय घेत राहिले, पण आम्ही काही केलं नव्हतं. वाचनालयाच्या मागे एक पडकी भिंत होती. गावात आडोसा म्हणून तेवढीच उरली होती. पहाटे एक बाई तिथं गेली असेल, मग दुसरी, मग सगळ्याच. चार-सहा दिवसांत रेल्वेलाइनवर जाणं थांबलं. मी आईलाही तिथंच नेऊ लागले.

पुढच्या चर्चेचा रविवार आला तेव्हा उघडीप होऊन ऊन पडलं होतं. विषय होता ‘गावाची सांस्कृतिक प्रगती’. मागच्या खिडक्या उघडल्या आणि दालनात असा भपकारा शिरला की वक्ते दाराशीच थबकले. खिडक्या लावल्या तर उकाडा, उघड्या ठेवल्या तर माश्या. माश्यांचे थवेच आले. त्या अध्यक्षांच्या टोपीवर बसल्या, पाण्याच्या पेल्यावर बसल्या, टेबलावरच्या हारावर बसल्या. उदबत्त्या लावल्या, त्यांनी ती घाण अधिकच गोडसर आणि असह्य केली. मी दाराजवळच्या माझ्या खुर्चीत बसले होते. मला आनंद व्हायला हवा होता असं नंतर चाची म्हणाली. पण मला आनंद झाला नाही. माणसांना माणसांसारखं वागायला लावायचं तर त्यांच्या नाकाखाली घाण ठेवावी लागते, एवढंच मनात येत होतं, आणि त्याचाच मला वीट आला होता.

सांस्कृतिक प्रगती पाव तासात आटोपली. त्याच आठवड्यात जागा सापडली. वाचनालयापासून लांब, बाजाराच्या टोकाला. पैसेही सापडले. दिवाळीच्या आत विटांच्या चार खणांचा, पत्र्याच्या छपराचा बायकांचा संडास उभा राहिला. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसली. तिच्यावर अध्यक्षांचं आणि त्यांच्या दिवंगत मातोश्रींचं नाव. उद्घाटनाला झेंडूची तोरणं लावली होती. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की माताभगिनींच्या गैरसोयीनं त्यांना झोप येत नव्हती. चिटणिसांची बायको तबक घेऊन उभी होती. व्यवस्थेसाठी नेमलेल्या महिला समितीची ती प्रमुख. चाचीला बोलावणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला घेऊन गेले तर दाराला कुलूप. चिटणिसांच्या घरून मला एक किल्ली मिळाली. ‘‘चांगल्या घरच्या बायकांना किल्ल्या दिल्या आहेत,’’ वकीलबाई म्हणाल्या. ‘‘सगळ्यांना मोकळं सोडलं तर दोन दिवसांत नरक होईल तिथं.’’

‘‘आणि बाकीच्या?’’

‘‘त्यांना सवय असते, बाई. तुम्ही उगाच जिवाला लावून घेता. तुम्हाला तर दिली ना?’’

चाचीला किल्ली नव्हती. विणकर आळीतल्या कुणालाच नव्हती. आणि तो संडास रोज साफ करायला येणारी जी बाई होती, जिला गाव मेहतरीण म्हणे, तिला आत जाण्याची परवानगी फक्त मागच्या बाजूनं, मैल्याच्या टोपल्या काढण्यापुरती होती. एकदा तिला आतल्या खणात जाताना कुणीतरी पाहिलं. समितीनं तो खण धुऊन घेतला. तिच्याकडूनच धुऊन घेतला. वर गोमूत्र शिंपडलं.

हे कळलं तेव्हा मी वकिलांकडे गेले. ते अशिलांसोबत बसले होते. मी म्हटलं, ‘‘या प्रश्नावर पुन्हा चर्चा ठेवा.’’

‘‘कोणत्या प्रश्नावर? तो विषय संपला की. मंडळाचं हे सर्वांत मोठं यश आहे. उलट मी तुम्हालाच म्हणणार होतो, पुढच्या महिन्यात ‘स्त्रीजागृती’वर बोला.’’

‘‘त्या साफ करणाऱ्या बाईला जाता येत नाही. चुडीवालीला येत नाही.’’

‘‘हळूहळू होईल, बाई. समाज एकदम बदलत नसतो.’’

मी ती किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. ‘‘ही चर्चा तुमची तुम्ही करा,’’ म्हटलं. ‘‘मी येणार नाही. तुमच्या दालनात बसलं की मला अंग घासून धुवावंसं वाटतं.’’ अशील आ करून बघत राहिले. वकिलांनी किल्ली उचलली नाही आणि मला परत घ्या असंही म्हटलं नाही.

आई माझ्यावर चिडली. किल्लीची गरज तिला होती, मला नव्हे. ‘‘तुह्या मनाचं झालं, पण माह्या पायाचं काय?’’ ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. मग घरमालकाच्या बायकोच्या मी हातापाया पडले, आणि आईपुरती त्यांच्या संडासाची मुभा मिळवली. त्याच्या बदल्यात त्यांच्या दोन मुलींना रोज संध्याकाळी शिकवायचं ठरलं. वाचनालयामागची भिंत मंडळानं केव्हाच पाडून टाकली होती, म्हणून मी स्वतः चाचीबरोबर जाऊ लागले. लाइन ओलांडून पुढे, धान कापलेल्या बांध्यांत. तिथवर चालायला वेळ लागे आणि हिवाळ्यात पाय दवानं भिजून बधिर होत.

एका सकाळी चालता चालता मी मंडळातल्या लोकांबद्दल फार वाईट बोलले. इतकी घाणेरडी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत, असंच काहीतरी. चाची म्हणाली, ‘‘बाई, तुमाले थ्या लोकायची आस होती. मले नोती. म्हनून तुमाले जास्त मळमळून राह्यलं.’’

उन्हाळ्यात साफ करणारी ती बाई नवऱ्याबरोबर बल्लारशाला निघून गेली. जाताना तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्या जागी यायला कुणी तयार होईना, आणि किल्लीवाल्या घरांतून टोपलीला हात लावणारं कुणी नव्हतं. काही दिवस बायका तशाच जात राहिल्या. मग दार उघडलं की पाय ठेववेना, पत्र्याखाली उष्म्यानं किडे वळवळत बाहेर येऊ लागले. समितीनं दाराला फळ्या ठोकून घेतल्या. बाजाराला आलेले लोक त्या भिंतीशी बैल बांधू लागले.

मंडळाची चर्चा मात्र चालूच राहिली. रविवारी संध्याकाळी माझ्या खोलीत बसून मालकाच्या मुलींना गणितं घालताना मला वाचनालयातल्या टाळ्या ऐकू यायच्या. पुढच्या वर्षी माझी सिंदेवाहीकडे बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी चाचीनं माझ्या हातात हिरव्या चुड्या भरल्या, पैसे घेतले नाहीत. सामान बैलगाडीत चढवून आम्ही पहाटेच्या गाडीला स्टेशनवर आलो. गाडी सुटली आणि लाइनच्या कडेला चार-पाच बायका तोंडावर पदर घेऊन उभ्या दिसल्या. आमच्या डब्यात एक माणूस खिडकीबाहेर वाकून काहीतरी ओरडायच्या बेतात होता. मी उठले, खिडकीची फळी धाडकन खाली ओढली आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत तिला पाठ लावून तिथंच बसून राहिले. तो माणूस आईला म्हणाला, ‘‘तुमची लेक अशी काऊन करते?’’